पाणलोटाची सीमा काढावी कशी आणि साठवावी कशी: खडकवासल्याच्या उदाहरणासह

खडकवासला धरणाचं पाणलोट क्षेत्र साधारण ५०० चौरस किलोमीटरचं. त्याच्या पोटात आणखी तीन धरणांची पाणलोटं आहेत: आंबी नदीवरचं पानशेत, मोशी नदीवरचं वरसगाव आणि मुठेवरचं टेमघर. पानशेतच्या पोटात पुन्हा घाटमाथ्यावरून उतरणारे ओढे, आणि प्रत्येक ओढ्याच्या पोटात वाडी-वस्तीजवळचे नाले. पाणलोट म्हणजे अशी डब्यात डबी असते. म्हणूनच प्रत्येक बंधाऱ्यासाठी, प्रत्येक पुलासाठी वेगळा पॉलिगॉन (सीमेची बंद आकृती) काढून ठेवण्याची रीत लवकर अंगाशी येते. डोंगराचा तोच तुकडा दहा फायलींत दहा वेळा साठतो, दहा जणांनी काढलेल्या कडा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि अकरावा बंधारा आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

आकड्यात बघा. घाटमाथ्यावरच्या एखाद्या ठिकाणचं पाणी ४० किलोमीटर वाहून खडकवासल्याला येतं असं धरलं, तर ३० मीटरच्या पिक्सेलने, म्हणजे नकाशाच्या चौकोनी घराने, ती वाट सुमारे १,३०० पिक्सेलची होते. त्यातल्या प्रत्येक पिक्सेलच्या पाणलोटात ते घाटमाथ्यावरचं ठिकाण येतं. कुठल्याही बिंदूचं पाणलोट तयार हवं म्हणून सगळे पॉलिगॉन साठवायला गेलो, तर ती एकच जागा १,३०० वेळा साठवावी लागेल.

उपाय असा: सीमा साठवायच्याच नाहीत. प्रत्येक पिक्सेलला एक असा क्रमांक द्यायचा की त्यावरून कुठल्याही बिंदूची सीमा हवी तेव्हा क्षणात काढता येईल. खालची सगळी कृती त्या एका क्रमांकापर्यंत पोचण्याची आणि त्याचा उपयोग करून घेण्याची आहे.

उंचीचा नकाशा घेताना

खडकवासल्यासाठी १८ ते १९ उत्तर अक्षांश आणि ७३ ते ७४ पूर्व रेखांश ही एकच टाइल (नकाशाचा चौकोनी तुकडा) पुरते. फुकट मिळणाऱ्यांत तीन डीईएम, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची उंची सांगणारे डिजिटल नकाशे, कामाचे: २००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून मोजलेला एसआरटीएम, भुवन पोर्टलवरचा कार्टोडेम आणि कोपर्निकसचा ३० मीटरचा जीएलओ-३०. नव्या कामाला जीएलओ-३० घ्यावा, कारण एसआरटीएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्ये असते आणि सपाट भागात त्यामुळे एकाच उंचीचे मोठमोठे पट्टे तयार होतात. जीएलओ-३०ची अडचण अशी की तो झाडांचे शेंडे आणि घरांची छपरं धरून मोजलेला आहे. झाडं-घरं वजा केलेली त्याची आवृत्ती फॅबडेम या नावाने मिळते, पण तिचा परवाना व्यावसायिक कामाला चालत नाही. ठेक्याचं काम असेल तर हे आधी बघून घ्या.

दोन वेगळ्या डीईएमच्या टाइल कधीही शेजारी शेजारी जोडू नका. जीएलओ-३०ची उंची समुद्रसपाटीच्या जवळच्या संदर्भावरून दिलेली असते, कार्टोडेमची गणिती लंबगोलावरून. महाराष्ट्रात या दोन्हींत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. जोडाच्या रेषेवर मग न दिसणारी भिंत उभी राहते आणि सगळी पाणलोटं त्या भिंतीवर थांबतात.

सर्वांत जास्त होणारी चूक मात्र वेगळीच: डीईएम आधीच तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या हद्दीने कापून घेणं. पाणी हद्द बघून वाहत नाही. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईहून निघते, वैनगंगा सिवनीकडून येते. राज्याच्या सीमेवर डीईएम कापला तर त्या नद्यांचं वरचं पाणलोट गायब होतं आणि संगणक काहीही कुरकुर न करता चुकीचं उत्तर देतो. आपल्या उदाहरणासाठी ७३.३५ ते ७३.८५ रेखांश आणि १८.२ ते १८.६ अक्षांश अशी चौकट घ्या. पश्चिमेला घाटमाथा आणि दक्षिणेला सिंहगडाची डोंगररांग आत येऊन पलीकडे थोडी जागा उरते.

मग डीईएम यूटीएम या मीटरमधल्या प्रोजेक्शनच्या पट्टा ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी संकेतांक ३२६४३ मध्ये, ३० मीटरच्या पिक्सेलने आणा. रीसॅम्पलिंगला, म्हणजे जुन्या पिक्सेलवरून नव्यांची उंची काढायला, बायलिनियर निवडा. निअरेस्ट ठेवलं तर उतारावर पायऱ्या पडतात. ७८ रेखांशाच्या पूर्वेला, नागपूरसकट, पट्टा ४४ लागतो, म्हणजे ३२६४४. प्रोजेक्शन बदलायचं ते इथेच, उंचीवर. प्रवाहदिशेचा रास्टर, म्हणजे पाणी कुठे जातं हे सांगणारी पिक्सेलची जाळी, नंतर कधीही फिरवायचा नाही, कारण त्यातले आकडे मोजमाप नसून सांकेतिक खुणा असतात. चौकटीत आता २६ लाखांच्या आसपास पिक्सेल असतील. त्यांतले सुमारे साडेपाच लाख खडकवासल्याच्या पाणलोटाचे.

खड्डे, तलाव आणि धरणाची भिंत

डीईएममध्ये चहूबाजूंनी उंच असलेले पिक्सेल हजारोंनी असतात. बहुतेक मोजणीतल्या चुका, काही खरे. पाणी तिथे अडकलं तर पाणलोट अर्धवट राहतं, म्हणून खड्डे आधी काढावे लागतात. ते भरता येतात किंवा फोडता येतात, आणि आपल्याकडच्या भूभागात या निवडीने मोठा फरक पडतो.

भरणं म्हणजे खड्डा त्याच्या सर्वांत खालच्या काठापर्यंत पाण्यासारखा भरून टाकणं. यासाठी आज प्रायोरिटी-फ्लड ही पद्धत वापरतात: चौकटीच्या कडेवरून सुरुवात करून सर्वांत कमी उंचीचा पिक्सेल आधी उचलत आत सरकायचं. प्रत्येक पिक्सेल एकदाच हाताळला जातो, त्यामुळे २६ लाख पिक्सेलचं काम साध्या लॅपटॉपवरही काही सेकंदांत होतं. संपूर्ण रास्टरवर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणाऱ्या जुन्या पद्धती मोठ्या क्षेत्रावर तासन्‌तास चालतात. त्या सोडून द्या.

पण भरण्याचा तोटा धरणाजवळ दिसतो. उपग्रहाला पानशेतच्या जलाशयाचा सपाट पृष्ठभाग दिसतो आणि पुढे धरणाची भिंत दिसते. सांडव्याचे दरवाजे किंवा कालव्याचं तोंड ३० मीटरच्या पिक्सेलला कळत नाही. भरताना अख्खा जलाशय भिंतीच्या उंचीपर्यंत चढतो, आणि काठावर कुठे एखादी खिंड भिंतीपेक्षा मीटरभर खाली असेल तर पाणी तिकडून बाहेर काढलं जातं. नकाशावर नदी धरणाला वळसा घालून जाताना दिसली तर कारण हेच असतं. महामार्गांच्या आणि रेल्वेच्या भरावांनीही असंच होतं: खालची मोरी डीईएमला दिसत नाही, भराव तेवढा दिसतो.

म्हणून आधी फोडायचं आणि मग उरलेलं भरायचं. व्हाइटबॉक्स टूल्स या सॉफ्टवेअरमध्ये कमीत कमी खर्चाने खड्डे फोडणारं साधन आहे. त्यात शोधाचं अंतर २० ते ३० पिक्सेल द्या; ६०० ते ९०० मीटरच्या आत वाट सापडली तर ते भिंतीतून एक पिक्सेल रुंदीची चर खणतं. उरलेले खड्डे भरण्याचा पर्याय चालू ठेवा. अंतर फार मोठं दिलं तर चर डोंगर फोडून शेजारच्या खोऱ्यात जाऊ शकते, म्हणून निकालातून मूळ डीईएम वजा करून बघा. दहा मीटरहून खोल खणलेली प्रत्येक जागा उपग्रहचित्रावर डोळ्यांनी तपासा.

खरा खड्डा असेल तर त्याला हात लावायचा नाही. लोणारच्या विवराला बाहेर वाट नाही. ते भरलं तर विवरच नाहीसं होतं. अशा ठिकाणी तळाच्या एका पिक्सेलला 'माहिती नाही' अशी किंमत द्या, म्हणजे तो स्वतंत्र निर्गम (पाणी बाहेर पडण्याची जागा) धरला जातो.

भरलेला डीईएम ३२ बिटच्या दशांशी स्वरूपातच जपा. सपाट भागाला वाट मिळावी म्हणून प्रणाली मिलिमीटरच्याही खालचा उतार देते. जागा वाचवायला फाइल पूर्णांकात बदलली की तो उतार पुसला जातो, जलाशय पुन्हा सपाट होतात आणि पुढच्या पायरीवर हजारो पिक्सेल दिशाहीन निघतात.

प्रवाहदिशा: एक बाइट, पण खुणा सांभाळा

इथे डी-८ पद्धत वापरायची: आठ शेजाऱ्यांपैकी ज्याच्याकडे उतार सर्वांत तीव्र त्याच्याकडे सगळं पाणी. तिरक्या शेजाऱ्याचं अंतर १.४१४ पट धरलं जातं. पाणी अनेक शेजाऱ्यांत वाटणाऱ्या पद्धती ओलाव्याच्या अभ्यासाला चांगल्या, पण सीमेच्या कामात एका पिक्सेलला एकच खालची वाट असणं हीच मोठी सोय आहे. त्यामुळेच सगळा भूभाग एका झाडासारखा होतो: खोड म्हणजे निर्गम, फांद्या म्हणजे ओढे, पानं म्हणजे माथ्यावरचे पिक्सेल.

दिशांच्या खुणा प्रत्येक सॉफ्टवेअरच्या वेगळ्या. एसरीच्या पद्धतीत १ म्हणजे पूर्व, २ आग्नेय, ४ दक्षिण, आणि असंच घड्याळाच्या दिशेने १२८ म्हणजे ईशान्येपर्यंत. व्हाइटबॉक्सच्या मूळ पद्धतीत १ म्हणजे ईशान्य, २ पूर्व, ४ आग्नेय. टॉडेममध्ये १ ते ८, पूर्वेपासून घड्याळाच्या उलट. ग्रासमध्येही १ ते ८ उलटच, पण ईशान्येपासून. व्हाइटबॉक्सचा रास्टर एसरीचा समजून वाचला तर प्रत्येक दिशा ४५ अंशांनी वळते. नकाशा दिसायला बरा दिसतो आणि पाणी डोंगर चढत असतं. व्हाइटबॉक्समध्ये एसरी-पद्धतीच्या खुणांचा पर्याय आहे, तो चालू करा आणि काय निवडलं ते फाइलच्या माहितीत लिहून ठेवा.

क्रमांकन: सगळ्या कामाचा गाभा

आधी छोटं उदाहरण घेऊ. तीन ओळी, चार स्तंभ, बारा पिक्सेल:

क ख ग घ
च छ ज झ
ट ठ ड ढ

पाणी ढ मधून बाहेर पडतं. ड, झ आणि ज हे ढ ला मिळतात. छ आणि ठ हे ड ला मिळतात. क, ख, च हे छ ला. ट हा ठ ला. ग आणि घ हे झ ला.

प्रत्येक पिक्सेलमधून, तो स्वतः धरून, किती पिक्सेलचं पाणी जातं ते मोजा. यालाच प्रवाहसंचय म्हणतात. छ चे ४, ठ चे २, ड चे ७, झ चे ३, ढ चे १२ आणि बाकी सगळ्यांचा प्रत्येकी १.

आता खालून वर क्रमांक द्या. ढ ला १. त्याच्या पहिल्या फांदीला, म्हणजे ड ला, २. ड मध्ये सात पिक्सेल आहेत, म्हणून २ ते ८ हे क्रमांक त्याच्यासाठी राखून पुढच्या फांदीला, झ ला, ९. झ चे तीन, म्हणून ज ला १२. तसंच वर चढत छ ला ३, क ४, ख ५, च ६; ठ ला ७, ट ८; ग १०, घ ११.

आता विचारा, ड च्या पाणलोटात कोण? ड चा क्रमांक २, संचय ७. म्हणजे २ पासून २ + ७ − १ = ८ पर्यंतचे सगळे: ड, छ, क, ख, च, ठ, ट. बरोबर. एखादा पिक्सेल एखाद्या बिंदूच्या पाणलोटात आहे का, हे आता दोन तुलनांत कळतं. ओढ्याने वर चढून शोधत बसायला नको. आणि साठवायचं किती? एक क्रमांक आणि एक संचय, एवढ्यात सगळ्या पिक्सेलची सगळी पाणलोटं आली.

ही कृती संगणकाला सांगताना स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारं फंक्शन लिहू नका. झाडाची खोली हजारो पिक्सेलची असते. पायथनची मर्यादा मुळात १,००० च्या आसपास आहे, ती वाढवली तरी प्रोग्रॅम मधेच कोसळतो. त्याऐवजी रास्टर एका सरळ रांगेत धरा आणि अशी कृती करा:

१. प्रत्येक पिक्सेलला वरून थेट किती पिक्सेल मिळतात ते मोजून ठेवा. ही आवकसंख्या एका बाइटात मावते.

२. ज्यांची आवक शून्य, म्हणजे माथ्यावरचे, ते यादीत घाला. सगळ्यांचा संचय सुरुवातीला १.

३. यादीतून क्रमाने एकेक पिक्सेल घ्या, त्याचा संचय खालच्या पिक्सेलमध्ये मिळवा आणि खालच्याची आवक एकने कमी करा. ती शून्य झाली की तो पिक्सेल यादीच्या शेवटी जोडा.

४. यादी संपल्यावर तिची लांबी वैध पिक्सेलच्या संख्येशी ताडून बघा. कमी भरली तर कुठेतरी पाणी गोल फिरतंय, म्हणजे सपाट भाग नीट सुटलेला नाही. पुढे न जाता मागे फिरा.

५. आता तीच यादी उलट्या क्रमाने वाचा. ज्याला खालचा पिक्सेल नाही त्या निर्गमाला पुढचा मोकळा क्रमांक द्या आणि मोकळा क्रमांक त्याच्या संचयाइतका पुढे न्या.

६. बाकी प्रत्येक पिक्सेलला त्याच्या खालच्या पिक्सेलकडे नोंदलेला 'पुढचा क्रमांक' द्या आणि ती नोंद या पिक्सेलच्या संचयाइतकी पुढे सरकवा. नवा क्रमांक मिळालेल्या पिक्सेलची स्वतःची नोंद त्याच्या क्रमांकात एक मिळवून सुरू होते.

फांद्यांचा आपसातला क्रम कुठलाही चालतो. या कृतीला एका पिक्सेलमागे १८ बाइट लागतात: दिशा १, आवक १, आणि संचय, यादी, क्रमांक, पुढचा क्रमांक यांचे प्रत्येकी ४. आपल्या चौकटीला सुमारे ४७ एमबी. संपूर्ण महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ३४ कोटी पिक्सेल आणि साधारण ६.२ जीबी. मात्र राज्याला घेणारी आयताकृती चौकट दुपटीहून मोठी होते, त्यामुळे १६ जीबीच्या यंत्रावर खोरं-खोरं वेगळं चालवणं बरं. साध्या पायथनच्या लूपमध्ये हे फार रेंगाळतं. नम्बा (पायथनला वेग देणारं साधन) लावा किंवा सी++ मध्ये लिहा.

क्रमांकाचा आणखी एक फायदा आहे, आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पिक्सेल क्रमांकाच्या ओळीने मांडले की कुठलंही पाणलोट म्हणजे त्या ओळीतला एक सलग तुकडा असतो. जंगल असलेल्या पिक्सेलला १ आणि बाकीच्यांना ० देऊन, पहिल्या क्रमांकापासूनची चढती बेरीज एकदाच करून ठेवा. वरच्या उदाहरणात ख, ट आणि घ जंगलाचे धरले तर आठव्या क्रमांकापर्यंतची बेरीज २, पहिल्यापर्यंतची ०. वजाबाकी केली की ड च्या पाणलोटात जंगलाचे २ पिक्सेल. पानशेत असो वा गावचा बंधारा, दोन आकडे वाचले की वरचं जंगल, शेती, पाऊस सगळं मिळतं. पावसासारख्या दशांशी आकड्यांची बेरीज ६४ बिटमध्ये ठेवा. ३२ बिटमध्ये मोठ्या बेरजांच्या वजाबाकीत छोट्या पाणलोटाचं उत्तर बिघडतं.

निर्गम बिंदू बसवताना

नकाशावरून उचललेला धरणाचा बिंदू क्वचितच नेमक्या प्रवाहरेषेवर पडतो. दोन पिक्सेल बाजूला पडला तरी ५०० चौरस किलोमीटरच्या जागी दोन हेक्टरचं पाणलोट निघतं. म्हणून बिंदू जवळच्या मोठ्या संचयाच्या पिक्सेलवर सरकवतात. त्रिज्या १५० मीटरपासून सुरू करा. मोठी त्रिज्या घेतली तर ओढ्यावरचा बंधारा शेजारच्या नदीवर जाऊन बसतो आणि उत्तर पन्नास पट मोठं येतं. पाणलोटाचं क्षेत्रफळ प्रकल्पाच्या कागदात दिलेलं असेल तर सर्वांत मोठ्या संचयाचा पिक्सेल घेण्यापेक्षा, ज्याचा संचय गुणिले ९०० चौरस मीटर त्या आकड्याच्या सर्वांत जवळ जातो तो पिक्सेल घ्या. ही युक्ती फार खात्रीची आहे.

कडेकडेने चालत सीमा काढणं

निर्गमाचा क्रमांक आणि शेवटचा क्रमांक हाती आले. सीमेसाठी आतले साडेपाच लाख पिक्सेल बघायची गरज नाही. फक्त कडेने चालायचं. पिक्सेलच्या पायऱ्यांनी मोजलेली कड १८० किलोमीटर धरली तर ही ६,००० पावलं होतात, आणि प्रत्येक पावलाला जास्तीत जास्त दोन नवे पिक्सेल वाचावे लागतात.

सुरुवात अशी: निर्गम पिक्सेलवरून सरळ पूर्वेला जात राहा, क्रमांक मर्यादेबाहेर जाईपर्यंत. शेवटच्या आतल्या पिक्सेलची पूर्वेकडची बाजू ही सीमेवरची पहिली रेघ. त्या रेघेवरून दक्षिणेकडे तोंड करून चला; पाणलोट उजव्या हाताला राहील. प्रत्येक कोपऱ्यावर पुढचे दोन पिक्सेल बघा. पुढे डावीकडचा आत असेल तर डावीकडे वळा. तो बाहेर आणि उजवीकडचा आत असेल तर सरळ जा. दोन्ही बाहेर असतील तर उजवीकडे वळा. सुरुवातीच्या कोपऱ्यावर त्याच दिशेने परत आलात की सीमा पूर्ण. फक्त वळणाचे कोपरे नोंदा. सरळ रेघेतले मधले बिंदू कामाचे नसतात.

डावा आधी तपासण्यामागे कारण आहे. डी-८ मध्ये पाणी तिरकंही वाहतं, त्यामुळे पाणलोटाचे दोन भाग नुसत्या कोपऱ्याने जोडलेले असू शकतात. उजवीकडे वळण्याची सवय ठेवली तर कोपऱ्यापलीकडचा अख्खा भाग सुटून जातो. डावीकडे वळल्यावर मात्र तोच कोपरा सीमेत दोनदा येतो आणि पोस्टजीआयएस (नकाशांचा डेटाबेस) असा पॉलिगॉन अवैध ठरवतं. त्यातलं एसटी-मेकव्हॅलिड हे फंक्शन चालवून त्याचा बहुभागी पॉलिगॉन करून घ्या.

उजवा हात आत ठेवून काढलेली सीमा घड्याळाच्या दिशेने येते. सीमा साठवायच्या फाइल-प्रकारांपैकी शेपफाइलला बाहेरची कड तशीच लागते, जिओजेसनच्या नियमाने उलटी. जिओजेसन लिहिताना बिंदूंची ओळ उलटी करा.

तीन तपासण्या न चुकता कराव्यात. पहिली, पॉलिगॉनचं क्षेत्रफळ आणि संचय गुणिले ९०० यांची बरोबरी. दोन्ही तंतोतंत जुळायला हवेत. पॉलिगॉन मोठा भरला तर आत भोक आहे, म्हणजे एखादा खड्डा किंवा माहिती नसलेला पिक्सेल राहून गेलाय. कडेकडेने चालणाऱ्याला आतलं भोक कधीच दिसत नाही, म्हणून ही तपासणी. दुसरी, चौकटीच्या चारही कडांवरचा एकही पिक्सेल मर्यादेत नसावा. असेल तर पाणलोट कापलं गेलंय, चौकट वाढवा. तिसरी डोळ्यांची: सीमा समोच्चरेषांच्या नकाशावर टाकून डोंगराच्या सोंडांवरून जाते का ते पाहा. सह्याद्रीच्या कड्यावर चूक झाली तरी पिक्सेल-दोन पिक्सेलची असते. माथ्यावरच्या सपाट सड्यांवर आणि खिंडींत मात्र शंभर-दोनशे मीटरची होऊ शकते, तिथे जास्त वेळ द्या.

एक गोष्ट या कुठल्याच तपासणीत सापडत नाही. शेजारच्या मुळशी धरणाचं पाणी भीऱ्याच्या वीजघराकडे, म्हणजे कोकणात उतरवलं जातं. डीईएमच्या लेखी मुळशी मुळा-मुठेच्या, पुढे भीमेच्या खोऱ्यात आहे. जमिनीचं पाणलोट आणि प्रत्यक्ष पाण्याचा प्रवास वेगळे असतील तिथे बोगदे-कालव्यांचा तक्ता वेगळा ठेवा; तो डीईएममध्ये चर खणून दाखवू नका.

साठवण

मूळ साठा तीन रास्टरचा: प्रवाहदिशा, क्रमांक आणि संचय. तिन्ही ५१२ बाय ५१२ च्या टाइल असलेल्या, डिफ्लेट किंवा झेडस्टँडर्डने दाबलेल्या जिओटिफमध्ये ठेवा. ५१२ ची एक टाइल न दाबता ४ बाइटने १ एमबीची होते, आणि सीमेवर चालणारा प्रोग्रॅम फक्त कडेवरच्या टाइल उघडतो. ओळीओळीने लिहिलेली फाइल ठेवली तर उत्तर-दक्षिण चालताना प्रत्येक पावलाला नवी ओळ वाचावी लागते आणि वेग मरतो.

काढलेली सीमा साठवायचीच असेल तर तिच्या ६,००० पावलांचा हिशेब बघा. प्रत्येक पावलाचा बिंदू लिहिला तर पंधरा दशांशांच्या जिओजेसनमध्ये एका बिंदूला सुमारे ४० बाइट, म्हणजे २,४०,००० बाइट. द्विमान (बायनरी) स्वरूपात बिंदूला १६ बाइट, म्हणजे ९६,०००. आणि पहिला कोपरा देऊन पुढे प्रत्येक पाऊल चार दिशांपैकी कुठली एवढंच लिहिलं तर पावलाला २ बिट, एकूण १,५०० बाइट. ही साखळी-खूण पद्धत पायऱ्या-पायऱ्यांच्या सीमेला अगदी नेमकी बसते आणि एक कणही हरवत नाही. जिओजेसनच द्यायचं असेल तर अंशाचे पाच दशांश पुरे. पाचवा दशांश म्हणजे जमिनीवर सुमारे १.१ मीटर. ३० मीटरच्या पिक्सेलला त्याहून जास्त अचूकता दाखवणं ही फसवी अचूकता आहे.

छपाईसाठी सीमा गुळगुळीत करताना एकेक पॉलिगॉन वेगळा गुळगुळीत करू नका. पानशेत आणि वरसगाव यांच्यामधली सोंड दोन्हींची सामाईक आहे. वेगवेगळं केलं की तिच्यावर फटी आणि आच्छादनं पडतात. मॅपशेपर किंवा पोस्टजीआयएस ३.४ पासूनचं एसटी-कव्हरेजसिम्प्लिफाय सामाईक कड एकदाच हाताळतात. सहनसीमा, म्हणजे रेघ किती हलू द्यायची ती, १५ ते ३० मीटर ठेवा, आणि क्षेत्रफळाचे आकडे नेहमी मूळ पायऱ्यांच्या सीमेवरूनच द्या.

रास्टर सांभाळणं जड वाटतं अशा ठिकाणी हीच युक्ती ओढ्यांच्या पातळीवर चालते. १ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे १,१११ पिक्सेल, हा उंबरठा धरून ओढे काढा आणि दोन संगमांमधल्या प्रत्येक ओढ्याच्या तुकड्याचं फक्त स्वतःचं, वरच्यांचं सोडून, क्षेत्र एकदाच पॉलिगॉन म्हणून ठेवा. प्रत्येकाला डावा (स्वतःचा) आणि उजवा (वरच्या तुकड्यांतला शेवटचा) क्रमांक द्या. पानशेतचं पाणलोट म्हणजे मग त्याच्या डाव्या-उजव्या क्रमांकांच्या दरम्यान ज्यांचा डावा क्रमांक येतो त्या सगळ्या तुकड्यांचं एकत्रीकरण. बंधारा तुकड्याच्या अधेमधे असेल तर तेवढा एक तुकडा रास्टरवरून कापावा लागतो. गावपातळीच्या कामाला जिओपॅकेजची एक फाइल पुरते. शेपफाइल टाळा: तक्त्यातल्या रकान्याचं नाव दहा अक्षरांवर तुटतं आणि २ जीबीची मर्यादा आहे.

दुसऱ्या संस्थांशी देवाणघेवाण करायची तर फाफश्टेटरचे संकेतांक उपयोगी पडतात. ब्राझीलच्या ओटो फाफश्टेटर यांच्या या पद्धतीत मुख्य नदीच्या चार सर्वांत मोठ्या उपनद्यांना खालून वर २, ४, ६, ८ आणि मधल्या पट्ट्यांना १, ३, ५, ७, ९ असे आकडे मिळतात, आणि प्रत्येक भाग पुन्हा तसाच विभागला जातो. आकड्यावरून वरचं-खालचं नातं कळतं, हायड्रोबेसिन्स हा पाणलोटांचा जागतिक साठा याच संकेतांकांवर उभा आहे. पण मनाजोगत्या बिंदूचं पाणलोट त्यातून मिळत नाही. त्यासाठी आपला क्रमांकच हवा.

डीईएम कुठेही दुरुस्त केला, एखादी मोरी फोडली किंवा नवं धरण घातलं, की त्या जागेच्या खालचा संचय आणि पुढचे सगळे क्रमांक बदलतात. म्हणून क्रमांक कायमची ओळख म्हणून कागदपत्रांत वापरू नका. बंधाऱ्याची ओळख त्याच्या अक्षांश-रेखांशाने आणि स्वतंत्र नोंदक्रमांकाने ठेवा. मोठ्या कामात प्रत्येक खोऱ्याचं क्रमांकन वेगळं चालवा, म्हणजे मुठेच्या खोऱ्यातली दुरुस्ती नीरेच्या फायलींना हात लावत नाही. आणि प्रत्येक आवृत्तीसोबत चार ओळी लिहून ठेवा: डीईएमचं नाव आणि आवृत्ती, खड्डे फोडण्याचं अंतर, दिशांच्या खुणांची पद्धत, आणि हाताने फोडलेल्या जागांची यादी. पुढच्या वर्षी कुणी विचारलं की ही सीमा इथून का गेली, तर उत्तर बहुतेक वेळा त्या शेवटच्या यादीत सापडतं.